उलटी सायकल आणि धूपारतीची लय

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात ‘येई हो विठ्ठले’ म्हणताना एक जागा येते, तिथे सगळं देऊळ थांबतं. ‘येई हो’ हे दोन शब्द म्हातारी माणसं इतकी लांबवतात की नवख्याला वाटावं, पुढची ओळ विसरली. पुढची ओळ सगळ्यांना पाठ असते. हाक मारलेली आहे, ती पोचेपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांना माहीत असतं. नगारा हाताने वाजत होता तेव्हा वाजवणाराही टिपरी उचलून थांबायचा. मग देवळात मोटरवरचं आरती मशिन आलं आणि ती जागा नाहीशी झाली.

हे प्रकरण त्या मशिनच्या दुरुस्तीचं आहे. दुरुस्ती करायला गेलो आणि शेवटी मोटर काढून तिथे गिअरची सायकल बसवली. मी तंत्रशिक्षणाच्या एका संस्थेत वर्कशॉप शिकवतो, धाकटा भाऊ गावात सायकलचं दुकान चालवतो. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. किर्लोस्करवाडी जवळच. 1910 साली तिथे कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानापासून केली होती, हे आमच्या भागातल्या प्रत्येक फिटरला माहीत असतं. सायकलच्या दुकानातून काय काय निघू शकतं याबद्दल आमच्याकडे कुणाला शंका नसते.

मूळ मशिन आणि त्याचं दुखणं

आरती मशिन बहुतेकांनी पाहिलेलं असेल. लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली सिंगल फेज मोटर, पट्ट्यावरून फिरणारा एक आडवा शाफ्ट. शाफ्टवर गोगलगाईच्या शंखासारखे आकार कापलेले कॅम असतात. कॅम फिरतो तसा तो टिपरीची मागची बाजू हळूहळू दाबत नेतो, टिपरीचं टोक वर जातं, आणि शंखाची पायरी आली की टिपरी सुटून नगाऱ्यावर पडते. त्याच शाफ्टवरच्या क्रँकला झांज जोडलेली असते आणि एक दांडी घंटेला टोला देते. बटण दाबलं की सगळी वाद्यं सुरू.

ते आणलं त्याला कारण होतं. पोरं पुण्याला, चाकणला कामाला गेली. रोजच्या धूपारतीला गुरवकाका, विणेकरी आजोबा आणि सात-आठ म्हातारी माणसं उरली. एकाच्या हातात आरतीचं तबक, एकाच्या हातात घंटा, बाकीच्यांच्या हातात टाळ. नगाऱ्याला हात उरलेला नव्हता. एकादशीला पोरं येतात आणि नगारा आजही हातानेच वाजतो. प्रश्न उरलेल्या दिवसांचा होता.

मोटर दोनदा जळली. संध्याकाळी गावात सगळे दिवे, पंखे, टीव्ही एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 च्या जागी 150 व्होल्ट मिळाले तर जोर निम्म्याहूनही कमी होतो. टिपरी अर्ध्यावर अडकते, मोटर हूं हूं करत उभी राहते, करंट वाढत जातो आणि वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. दुसऱ्यांदा जळली तेव्हा गाभाऱ्यापर्यंत वास गेला. गुरवकाकांनी भावाला निरोप धाडला, मी सुट्टीवर होतो म्हणून मीही गेलो.

मी व्होल्टेज स्टॅबिलायझरचं बोलायला लागलो. गुरवकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, मोटर तुम्ही नीट करालच. पण त्या मशिनला कळतंय का आपण कुठं थांबतोय ते? आम्ही त्याच्यामागं पळतोय रोज.”

इथे मी जागा झालो. मोटर साधारण 1440 फेऱ्यांची, पट्ट्यांनी कमी करून शाफ्ट मिनिटाला 110 फेऱ्यांवर आणलेला. म्हणजे गणपतीची आरती असो, ‘युगे अठ्ठावीस’ असो की शेवटचं ‘घालीन लोटांगण’, ठोके 110 च. माणसं मात्र एका लयीत आरती म्हणत नाहीत. संथ सुरू करतात, कडव्याकडव्याने चढतात, ‘घालीन लोटांगण’ला टाळ्या दाट होतात आणि मंत्रपुष्पांजलीला सगळी वाद्यं बंद पडून नुसते आवाज उरतात. मशिन पहिल्या आरतीला त्यांना फरफटत न्यायचं आणि शेवटच्या आरतीला मागे ओढायचं. जळालेली मोटर हे दुखण्याचं वरवरचं लक्षण होतं.

सहा दातेरी चाकं

भाऊ म्हणाला, “दादा, याला गिअर पायजे.”

त्याच्या दुकानामागे भंगारात एक गिअरची सायकल पडलेली होती. फ्रेमचा पुढचा भाग वाकलेला, पण मागचा त्रिकोण सरळ, चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक, 44 दातांची आणि मागे सहा गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे चाकाला एकाच दिशेने ओढणारा दातेरी चाकांचा संच: 28, 24, 21, 18, 16, 14 दात. हे फ्रीव्हील स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींवर सर्रास मिळतं. आम्ही दुकानातल्या बाकावर बसून हिशेब मांडला. माणूस आरामात मिनिटाला 50 वेळा पेडल फिरवतो असं धरलं, आणि मागच्या चाकाच्या एका फेरीला नगाऱ्याचा एक मुख्य ठोका ठेवला, तर 28 दातांवर मिनिटाला 79 ठोके येतात. मग 92, 105, 122, 138 आणि 14 दातांवर 157.

28 च्या निम्मे 14. म्हणजे हाताचा वेग तोच ठेवून पहिल्या गिअरवरून शेवटच्या गिअरवर गेलं की लय बरोबर दुप्पट होते. गाणारे ज्याला दुगुन म्हणतात ती आमच्या भंगारातल्या फ्रीव्हीलमध्ये तयार बसलेली होती. सायकल बनवणाऱ्याने चढ आणि उतार डोळ्यांपुढे ठेवून हे दात कापले असणार. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. इतकी वर्षं मुलांना गिअर रेशो शिकवला, पण तो गणिताच्या बाहेर कुठे ऐकू येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

चालवायची पद्धत आमच्या डोळ्यांसमोर होती. धार लावणारा गावात येतो, सायकल स्टँडवर घेतो आणि पेडल मारत सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. आपणही तसंच करू: सीटवर बसून पेडल, मागच्या चाकावरून शाफ्ट. चार दिवसांत सांगाडा तयार झाला. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, डिस्क ब्रेकवाला होता, म्हणून डाव्या बाजूला डिस्क बसवायची सहा भोकं तयार मिळाली. त्यांत 18 दातांचं एक चाक बोल्टने पक्कं केलं, तसंच 18 दातांचं दुसरं शाफ्टवर, मध्ये चेन. एकास एक.

पाय

मशिन देवळात नेलं, भाऊ सीटवर बसला आणि पेडलवर पाय ठेवला. विणेकरी आजोबांच्या घरच्या आजी खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “बाळा, देवाच्या वाद्याला पाय लावायचा व्हय रे?”

त्यानंतरचा तास-दीड तास देवळात जे बोलणं झालं, ते या सगळ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. कुणी हसण्यावारी नेलं नाही, कुणी चिडलं नाही. एक जण म्हणाले, गोरोबाकाका चिखल पायानेच तुडवत होते आणि नाम घेत होते, तिथे पाय आडवे आले नाहीत. दुसऱ्यांनी संगीत नाटकातली पायपेटी आठवून दिली. तिचा भाता पायाने चालतो आणि तिच्यावर भक्तीची पदं गायली गेली. वारी तर सगळी पायांचीच, असंही कुणी म्हणालं. आजींनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, “चिखल त्यांचं काम हुतं. पायानं चालून आपण त्याच्याकडं जातो. पण त्याच्यासमोर बसून पाय हलवायचा, ते मला बघवंना.”

ग्रीसचाही प्रश्न निघाला: त्यात जनावराची चरबी असते का? आम्ही वापरणार होतो ते लिथियम ग्रीस. त्याला घट्टपणा येतो तो साबणासारख्या एका घटकामुळे, आणि तो घटक सर्वसाधारणपणे एरंडेल तेलापासून केलेल्या आम्लाचा असतो. एरंडेल म्हटल्यावर सगळे निश्चिंत झाले. सीट चामड्याची होती, ती काढू का असं भावाने विचारलं, तर गुरवकाकांनी नगाऱ्यावर हात ठेवून सांगितलं की इथलं सगळ्यांत मोठं चामडं हेच आहे.

भंगारातली वस्तू देवळात कशी, असं एका पंचांनी विचारलं. वाईजवळच्या मेणवलीला गेलेल्यांना ते उत्तर माहीत असतं. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. त्यातली एक मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आजही दिसतात. ओतणाऱ्याने ती कोणत्या देवासाठी ओतली ते कुणी विचारलं नाही, नाद चांगला म्हणून टांगली. पंच म्हणाले, “मग ठीक आहे.”

पायाचा मुद्दा मात्र उरलाच. माझं मत तेव्हा आजींच्या विरुद्ध होतं. पायांचा जोर हातांपेक्षा बराच जास्त असतो, आणि सोयीचा रस्ता सोडायला फिटर तयार नसतो. पण देऊळ त्यांचं, साठ वर्षांची आरती त्यांची. भावाने सायकल उचलली आणि मंडपात उलटी ठेवली.

लहानपणी हे आपण सगळ्यांनी केलंय. सायकल उलटी करायची, सीट आणि हँडल जमिनीला टेकवायचे आणि हाताने पेडल गरागरा फिरवून चाकाचा आवाज ऐकत बसायचं. गिअर लावताना मिस्त्रीसुद्धा बऱ्याचदा सायकल अशीच धरतात. डिरेलरचा, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हात स्प्रिंगने ताणलेला असतो, त्यामुळे तो उलटा झाला तरी चेन धरून ठेवतो. पेडल आता बसलेल्या माणसाच्या छातीशी आलं. डावा क्रँक काढून टाकला. उजव्या हाताने फिरवायचं, डाव्या हाताशी गिअरचा खटका आणि ब्रेक. तोंड मोकळं, नजर समोर.

आणि एक गोष्ट गुरवकाकांच्या लक्षात आली, आमच्या नव्हे. चेनच्या बाजूला बसून पाहिलं तर चाक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत होतं. “हे प्रदक्षिणेनं फिरतंय,” ते म्हणाले. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, म्हणून त्या बाजूने पाहणाऱ्याला ती पुढे चालताना तशीच दिसते. सुलटी ठेवा की उलटी. हिमालयात बौद्ध लोक मणिचक्र फिरवतात तेही याच दिशेने, आणि काही ठिकाणी ओढ्याच्या पाण्यावर ती चक्रं आपोआप फिरत राहतील अशी योजना केलेली असते. तिथे चक्राचं फिरणं हीच उपासना मानतात. आमच्याकडे उपासना तोंडाने चाललेली होती, चाकाने तिला फक्त सोबत करायची होती.

फिरवणार कोण

देवळाच्या दारात रोज एक तीनचाकी उभी असायची, हाताने पेडल मारायची. अण्णा त्यावरून येतात. लहानपणी पोलिओ झाला, पायांत जोर नाही. ते पायरीशी थांबून बाहेरूनच आरती म्हणायचे, आणि गावात त्यांच्याइतकी चाल कुणाला ठाऊक नाही. चाळीस वर्षं हाताने पेडल फिरवून त्यांचे दंड तयार झालेले आणि वेग इतका एकसारखा, की घड्याळ लावून मोजलं तेव्हा मिनिटाला 49, 50, 50, 51 अशा फेऱ्या मिळाल्या. आमचा 50 चा अंदाज जणू त्यांच्यावरूनच काढला होता.

पायरीवर फरशीचा उतार टाकला. ते काम खरं तर कितीतरी आधी व्हायला हवं होतं. यंत्राच्या निमित्ताने झालं, याची मला लाज वाटते आणि समाधानही.

खरी मेहनत पुढे

पहिली अडचण टिपरीची. चार गिअरपर्यंत सगळं ठीक, पाचव्यावर, म्हणजे 138 ठोक्यांना, नगारा पोचट वाजायला लागला. 157 ला तर ठोका पडतच नव्हता. कारण सोपं होतं, सापडायला दोन दिवस लागले. टिपरीचं टोक 15 सेंटिमीटर वर उचललं जात होतं. एवढ्या उंचीवरून नुसत्या वजनाने पडायला तिला साधारण 0.17 सेकंद लागतात. 157 ठोक्यांना एका ठोक्यासाठी मिळतात जेमतेम 0.38 सेकंद. टिपरी खाली पोचायच्या आत कॅमचा पुढचा चढ तिच्या मागच्या बाजूला येऊन भिडायचा आणि ती अधांतरीच झेलली जायची. मोटारीच्या इंजिनात वेग फार वाढला की व्हॉल्व्ह (झडपा) वेळेत बंद न होता तरंगतात, तोच प्रकार. उंची 8 सेंटिमीटरवर आणली, खाली ओढणारी एक स्प्रिंग लावली आणि कॅमचा चढ उशिरा सुरू होईल असा घासला. ठोका पुन्हा भरीव झाला. संथ लयीत आवाज थोडा कमी पडतो, पण त्या वेळी माणसांचा आवाज वर असतो.

दुसरी अडचण जास्त खोल निघाली. टिपरी उचलताना हाताला झटका बसायचा आणि सुटली की हात पुढे पळायचा, त्यामुळे ठोके लंगडे पडायचे. त्याला उपाय जड चाक. आम्ही टायरमध्ये ठासून वाळू भरली, साडेचार किलोच्या आसपास. ठोके इतके सारखे पडायला लागले की भाऊ नाचला. संध्याकाळी आरतीला लावलं. ‘येई हो’ची हाक लागली, अण्णांनी हात थांबवला, माणसं थांबली, आणि नगारा पाच-सहा ठोके वाजवतच राहिला. जड चाकात साठलेला जोर संपेपर्यंत ते थांबायला तयार नव्हतं. मोटरची जी खोड काढायला निघालो होतो, ती आम्ही वाळू भरून परत आणली होती.

कुणीतरी सुचवलं, फ्रीव्हील वेल्ड करून टाका, म्हणजे हात थांबला की चाक थांबेल. डिरेलरवाल्या सायकलला हे चालत नाही. चाकाने चेन उलट ओढली की ताण चेनच्या दुसऱ्या बाजूवर येतो, डिरेलरचा स्प्रिंगवाला हात त्या ताणाने पुढे खेचला जातो आणि मोडतो. शिवाय फ्रीव्हीलची आम्हाला आणखी एका कारणाने गरज होती. शंखाच्या आकाराचा कॅम उलटा फिरला की त्याची पायरी टिपरीच्या दांडीला अडकते. दिवसा देवळात खेळणारी पोरं पेडल उलटं फिरवणारच. फ्रीव्हील असल्याने ती कितीही उलट फिरवोत, नुसता कटकट आवाज येतो, कॅम हलत नाही. सायकल उतारावर नुसती सोडता यावी म्हणून शोधलेली वस्तू आमच्याकडे पोरांपासून नगारा वाचवते.

शेवटी मधला रस्ता निघाला. टायर आणि वाळू काढली, रिमच्या खोबणीत 10 मिलिमीटरच्या सळईचे दोन वेढे तारेने आवळून बसवले. दोन किलोच्या थोडं वर वजन झालं. ठोके किंचित लंगडतात, कान लावून ऐकलं तरच कळतं. आणि थांबायला सायकलचाच ब्रेक. डाव्या हाताने दाबला की चाक ठोक्याच्या आत उभं राहतं. मंत्रपुष्पांजलीच्या आधी अण्णा ब्रेक दाबून धरतात, नगारा गप्प, आणि पहिला मंत्र शांततेत सुरू होतो.

गिअर टाकायची वेळही शिकावी लागली. चेनवर जोर असताना गिअर टाकला तर चेन करकरते, दातांवर चढते आणि ठोका चुकतो. अर्धी फेरी हात सैल सोडून खटका दाबायचा असतो. अण्णांनी दोन दिवसांत ती जागा शोधली: कडवं संपून ध्रुपदावर यायच्या आधी सगळे जिथे श्वास घेतात, तिथे. गाणाऱ्यांचा श्वास आणि चेनचा श्वास एकच झाला. खटकाही टक करून एकेक गिअर बसवणारा आहे, ते फार कामी आलं. पूर्वी गिअरची कांडी अंदाजाने सरकवत नेमकी जागा शोधावी लागायची. 1984 साली शिमानो या जपानी कंपनीने ठरावीक खटक्यांची पद्धत आणली आणि पुढे ती सगळीकडे रुळली. त्यामुळे अण्णांना चेनकडे बघावं लागत नाही. बोटाला कळतं, डोळे विठ्ठलाकडे राहतात.

एकशे आठ

मशिन चालायला लागल्यावर भावाच्या अंगात आलं. नामसप्ताहाला दर 108 ठोक्यांनी एक छोटी घंटा आपोआप वाजावी, म्हणजे एक माळ झाली हे कळेल, असं त्याच्या मनात आलं. 108 म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. 16 दातांच्या चाकाने 48 दातांचं चाक फिरवलं की फेऱ्या एक तृतीयांश होतात. असं तीनदा केलं की 27 ला एक. मग 12 दातांवरून 48 दातांवर गेलं की चौथाई, म्हणजे 108 ला एक. सगळी चाकं सायकलचीच. जोडणी सुंदर झाली होती. शेवटचं चाक इतकं सावकाश फिरायचं की पोरं त्यावर खडूने खूण करून बघत बसायची.

पण सप्ताहात नाम घेणारे त्या घंटेने दचकायला लागले. विणेकरी आजोबांनी भावाला जवळ बोलावून सांगितलं, “माळ बोटानं मोजायची असती बाळ, कानानं मोजाय लागलं की ध्यान घंटीकडं जातंय.” भावाने त्याच दुपारी ती चेन उतरवली. ती जोडणी आता माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. गुणोत्तर शिकवताना मुलांपुढे ठेवतो आणि ती देवळातून का परत आली तेही सांगतो.

श्रमाचा प्रश्न

हे सगळं ऐकून काही जण विचारतात की एवढा खटाटोप करण्यापेक्षा बॅटरी आणि वेग बदलणारी मोटर का नाही लावली? लावता आली असती. वेग कमी-जास्त करायची कळ स्वस्तात मिळते. पण कळ फिरवणारा माणूस आरतीत नसतो, तो कळीवर असतो. हाताने फिरवणाऱ्याच्या अंगात लय असावी लागते, नाहीतर मशिन वाजतच नाही. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे.

सायकलच्या जगातही असाच वाद होऊन गेला आहे आणि तोही जवळपास धर्मभावनेने. फ्रान्समध्ये सेंत-एत्येनचे पॉल द विवी, ज्यांना लोक व्हेलोसिओ म्हणत, गिअरचा आयुष्यभर पुरस्कार करत राहिले. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज उलट मताचे: गिअर ही वय झालेल्यांची सोय, शर्यत स्नायूंनी जिंकावी. 1937 पर्यंत त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी नव्हती. गिअर आल्याने श्रम गेले का? घाट चढणाऱ्या कुणालाही विचारा. गिअर श्रम कमी करत नाही, चढ बदलला तरी पायांची लय तीच ठेवू देतो. आमच्याकडे तो उलट्या अंगाने आला: हाताची लय तीच ठेवून आरतीला चढू देतो.

आजी आता मशिनच्या अगदी शेजारी बसतात. पायाचं नाव निघालं नसतं तर सायकल उलटी झाली नसती, अण्णा आत आले नसते, आणि धार लावणाऱ्यासारखा कुणीतरी देवासमोर पाय हलवत बसला असता. त्यांच्या म्हणण्यावर तेव्हा मनातल्या मनात चरफडलो होतो, ते मी त्यांना नंतर सांगितलं. “मग, माहीत हुतं मला,” एवढंच म्हणाल्या.

एक काम अजून बाकी आहे. ‘येई हो विठ्ठले’ला 79 ठोकेही जास्त होतात, 65 च्या आसपास हवेत. 34 दातांचं मोठं चाक असलेलं सात गिअरचं फ्रीव्हील मिळतं, त्यावर 65 येतात. पण त्यात 34 नंतर एकदम 24 आहे, मधलं 28 नाही, आणि आमची निम्मी आरती 28 वर चालते. दुसरा उपाय पुढची चेनरिंग 44 ची 36 करायची. मग 28 वर 64 ठोके येतात, 24 वर 75, पण सगळ्यांत वरचा गिअर 129 वर अडतो आणि ‘घालीन लोटांगण’ आमच्याकडे 138 ला जातं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ देवळात यावरच बोलत होतो. अण्णा शेजारी बसून चेन पुसत होते. म्हणाले, “छत्तीसच बसवा. तेवढ्या एका आरतीला मी हात जरा जास्त चालवीन.”

मिनिटाला 54 फेऱ्या लागतील. 36 दातांची चेनरिंग दुकानात येऊन पडली आहे, चेनही थोडी आखूड करावी लागेल. कार्तिकीच्या आधी बसवायची आहे.